एम१७एक्समध्ये १०६० बसवलं, आठ बीप आणि अंधार. कार्ड मेलंय की अजून आशा आहे?

मानपाडा_मेल · शनिवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. इथे एरवी वाचनमात्र असतो, आज गळ्याशी आलं म्हणून लिहितोय.

मशीन: एलियनवेअर (डेलचा गेमिंग लॅपटॉप) एम१७एक्स आर४, २०१२ चं मॉडेल. आय७-३६३०क्यूएम, १६ जीबी रॅम, ६० हर्ट्झची फुल एचडी स्क्रीन, विंडोज १०. आतेभाऊ अमेरिकेहून कायमचा परतला तेव्हा घेऊन आला होता. त्याचं लग्न झालं आणि मशीन माझ्या वाट्याला आलं. आतलं ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं जीटीएक्स ६८०एम.

जुने गेम अजून मजेत चालतात. पण नवीन काही टाकलं की गेम सुरूच होत नाही, ‘डायरेक्टएक्स १२ चं फीचर लेव्हल नाही’ एवढं सांगून बंद. फीचर लेव्हल म्हणजे कार्डाला कुठल्या ग्राफिक्स सोयी जमतात ती पातळी. ६८०एमसारखी केप्लर पिढीची कार्डं ११_० च्या वर जात नाहीत, आणि लॅपटॉपच्या केप्लरचे ड्रायव्हर एप्रिल २०१९ मध्ये ४२५.३१ वरच थांबलेत. कार्ड एमएक्सएम आहे, म्हणजे बोर्डावरून सुटं निघतं. म्हणून ऑनलाइन एका विक्रेत्याकडून वापरलेलं जीटीएक्स १०६०, ६ जीबीवालं, साडेनऊ हजारांना घेतलं.

बसवलं. बटण दाबल्यावर पंखे जोरात, कीबोर्डचे दिवे लागले, आठ बीप, जरा शांतता, परत आठ बीप. स्क्रीन काळी ठिक्कर. एचडीएमआयने टीव्हीला जोडलं, तिथेही काही नाही. जुनं ६८०एम परत घातलं की सगळं सुरळीत.

विक्रेता म्हणतो, आम्ही टेस्ट करूनच पाठवलंय. आठवड्याची टेस्टिंग वॉरंटी होती, ती संपत आलीय. नौपाड्यात एका दुकानात दाखवलं, तर काउंटरवरच्याने मशीन न उघडताच ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून सांगितलं. जुन्या कार्डावर चालतंय म्हटल्यावर म्हणाला, ‘मग कार्ड गेलं.’

परत पाठवू का कार्ड?

निवांत_नेरूळ · शनिवार, रात्री ११:३१

अरे बाबा, २०१२ च्या मशीनवर साडेनऊ हजार? विक ते सगळं भंगारात आणि हप्त्यावर नवीन घे. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तिसऱ्या पिढीच्या आय७ वर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. कार्ड चालू झालं तरी पुढे काय?

पिक्सेलपाव · शनिवार, रात्री ११:३४

काका आले, धागा वर आला. ;)

पण एक बाळबोध शंका. लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बदलता येतं? मला तर सगळे सांगतात की ते शक्यच नाही.

चिमटा · रविवार, सकाळी ९:०५

कार्ड परत पाठवायची घाई करू नकोस. आठ बीप ही वाईट बातमी नाही.

डेलच्या बीपच्या तक्त्यात एक म्हणजे बायोसची चिप, दोन म्हणजे रॅम सापडली नाही, चार म्हणजे रॅम बिघडली, सहा म्हणजे व्हिडिओ कार्ड, सात म्हणजे प्रोसेसर आणि आठ म्हणजे स्क्रीन. सहा वाजले असते तर मीही कार्डाकडे बोट दाखवलं असतं. आठ वाजले म्हणजे मशीन म्हणतंय, बाकी ठीक आहे पण पॅनल सापडत नाही. तुझं पॅनल तर शाबूत आहे, जुन्या कार्डावर दिसतंय. मग घोळ मधल्या वाटेत आहे.

वाट अशी. एम१७एक्स आर४ च्या ६० हर्ट्झवाल्या आवृत्तीत पॅनल एलव्हीडीएसचं आहे, म्हणजे पडद्याला चित्र पोचवायच्या जुन्या पद्धतीचं. ऑप्टिमस (दोन ग्राफिक्समध्ये काम वाटून घ्यायची एनव्हिडियाची सोय) चालू असताना ते पॅनल प्रोसेसरमधल्या इंटेल ग्राफिक्सला जोडलेलं असतं. एनव्हिडियाचं कार्ड चित्र तयार करतं आणि पडद्यावर दाखवायला इंटेलच्या हवाली करतं. पण बायोस जुन्या लेगसी पद्धतीने उठत असेल तर ते नव्या कार्डाच्या रॉमलाच (कार्डावरच्या प्रोग्रॅमलाच) पॅनल विचारतं, आणि तिथे बोंब.

तीन गोष्टी सांग. बायोस यूईएफआय या नव्या पद्धतीत आहे की लेगसीमध्ये? (विंडोजमध्ये एमएसइन्फो३२ चालव, ‘बायोस मोड’ समोर काय लिहिलंय ते बघ.) बायोसमध्ये ‘लोड लेगसी ऑप्शन रॉम’ चालू आहे का? आणि जुनं कार्ड असताना मशीन इंटेलवर चालतं का, की कुणीतरी ते कायमचं एनव्हिडियावर टाकून ठेवलंय?

@पिक्सेलपाव: बहुतेक लॅपटॉपांत नाहीच बदलता येत, तुझे सगळे बरोबर आहेत. एमएक्सएम हा २००४ च्या सुमारास एनव्हिडियाने काढलेला प्रकार. छोटं कार्ड, एका कडेला सोनेरी पट्ट्या, तिरकं सरकवून खाली दाबायचं आणि स्क्रू लावायचे. टाइप ए ८२ बाय ७० मिलिमीटर, टाइप बी ८२ बाय १०५. २०१०-१५ च्या काळात जाडजूड गेमिंग मशीन आणि वर्कस्टेशनांत सर्रास असायचं. मग लॅपटॉप बारीक झाले आणि चिप बोर्डावरच डकवायला लागले.

मानपाडा_मेल · रविवार, सकाळी १०:४८

चिमटादादा, धन्यवाद! बायोस मोड: लेगसी. लेगसी ऑप्शन रॉम: चालू. जुन्या कार्डावर ऑप्टिमस चालतं, डेस्कटॉप इंटेलवरच असतो.

आता बायोसमध्ये यूईएफआय केलं की झालं ना?

कळवा_खाडी · रविवार, सकाळी ११:०२

थांबा थांबा, नुसतं बायोसमध्ये बदलू नका, विंडोज उठणारच नाही. लेगसीत बसवलेलं विंडोज एमबीआर डिस्कवर (पार्टिशनची जुनी मांडणी) असतं, यूईएफआयला जीपीटी (नवी मांडणी) लागते. नवीन विंडोज टाकायची मात्र गरज नाही. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून एमबीआर२जीपीटी नावाचं साधन आतच आहे.

क्रम महत्त्वाचा आहे. हे सगळं जुनं कार्ड आत असताना करायचं:

आधी डिस्कची इमेज बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. मग अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये एमबीआर२जीपीटी ‘व्हॅलिडेट’ घालून चालवा. ती पास झाली तरच ‘कन्व्हर्ट’. विंडोजच्या आतून चालवताय म्हणून दोन्ही वेळा ‘अलाउफुलओएस’ जोडावं लागतं. मग रीस्टार्ट, बायोसमध्ये यूईएफआय बूट चालू, लेगसी ऑप्शन रॉम बंद. जुन्या कार्डावर विंडोज नीट उठलं, एमएसइन्फो३२ मध्ये ‘यूईएफआय’ दिसलं, की मगच मशीन बंद करून कार्ड बदला. उलट केलंत तर काळ्या पडद्यासमोर बसून अंदाजाने बायोस चालवावं लागेल.

व्हॅलिडेट नापास झालं तर बहुतेक प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त असतील. कंपनीच्या मशीनवर रिकव्हरी वगैरेची जास्तीची असतात.

आणि बॅटरीत दम नसेल तर महावितरणचा शटडाऊनचा मेसेज आलेला नाही ना, तेवढं आधी बघा. कन्व्हर्ट चालू असताना लाइट गेली तर मग मी इथे नाही. हलके घ्या.

निवांत_नेरूळ · रविवार, दुपारी १:१५

एवढा खटाटोप वाचूनच मला डुलकी लागली.

मानपाडा_मेल · रविवार, रात्री ९:४०

खाडीताई, तुमच्या पायाचं तीर्थ!

व्हॅलिडेट नापासच झालं, चार पार्टिशन होती. त्यात डेलच्या जुन्या विंडोज ७ चं रिकव्हरी पार्टिशन होतं, इमेज घेऊन ते उडवलं. मग कन्व्हर्ट झालं. यूईएफआय, लेगसी रॉम बंद, जुन्या कार्डावर विंडोज उठलं. १०६० बसवलं. एकही बीप नाही, थेट लोगो!!

आता नवीन दुखणं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये इंटेलच्या खाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ असं पिवळ्या त्रिकोणासकट दिसतंय. एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकायला गेलो तर ‘सुसंगत हार्डवेअर सापडलं नाही’ म्हणून बाहेर पडतो. विक्रेत्याला फोटो पाठवला, तो म्हणतो कार्डाचं बायोस फ्लॅश करा.

चिमटा · रविवार, रात्री ९:५८

फ्लॅश-बिश काही करायचं नाही. चालत्या कार्डाचं व्हीबायोस (कार्डाचं स्वतःचं बायोस) बदलणं म्हणजे हातचं सोडून पळत्यापाठी लागणं. कार्ड दिसतंय, फक्त ड्रायव्हर ओळख दाखवत नाही. हा खाडीताईंचा प्रांत.

कळवा_खाडी · रविवार, रात्री १०:२०

ड्रायव्हरला आयएनएफ नावाची यादी असते. त्या यादीत नुसत्या चिपचं नाव नसतं, ‘ही चिप, अमक्या कंपनीच्या तमक्या मॉडेलमध्ये’ अशी जोडी असते. २०१२ च्या एम१७एक्समध्ये २०१६ चं १०६० ही जोडी एनव्हिडियाने कशाला लिहून ठेवली असेल? तर ती आपण लिहायची.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या त्रिकोणावर डबल क्लिक, ‘डिटेल्स’, त्यात ‘हार्डवेअर आयडी’. ओळीत व्हेन १०डीई असेल, तो एनव्हिडियाचा क्रमांक. डेव्हसमोर १सी२० किंवा १सी६० असेल, ते १०६०. आणि सबसिस म्हणून आठ आकडी-अक्षरी भाग असेल, त्याचे शेवटचे चार १०२८, म्हणजे डेल.

ड्रायव्हरची एक्झी ७-झिपने उघडा. डिस्प्ले ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये बऱ्याच आयएनएफ असतात, जिच्यात १०२८ वाल्या भरपूर ओळी आहेत ती घ्या. तिच्यात तुमच्याच डेव्ह क्रमांकाची एखादी ओळ शोधा, कॉपी करून खाली चिकटवा, आणि फक्त सबसिसचा भाग तुमच्या मशीनचा घाला. बाकीला हात लावू नका. विंडोजच्या आवृत्तीनुसार तोच विभाग फाइलीत पुन्हा येतो, तिथेही तेच करा.

आता फाइल बदलली म्हणजे सहीशी जुळणार नाही. शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, स्टार्टअप सेटिंग्जमध्ये सातवा पर्याय: ड्रायव्हर सहीची सक्ती बंद. त्या एका बूटमध्ये ड्रायव्हर टाका, लाल इशारा येईल तो मान्य करा. पुढच्या वेळी मशीन नेहमीसारखं उठेल, कारण प्रत्यक्ष ड्रायव्हरच्या फाइलीवर एनव्हिडियाची सही तशीच आहे, फक्त यादी बदललीय. टेस्ट मोड कायमचा चालू करून ठेवू नका, काही ऑनलाइन गेमांचं अँटी-चीट त्याला अडवतं.

आधी सेफ मोडमध्ये डीडीयू (जुने ड्रायव्हर मुळापासून काढणारं साधन) चालवून ६८०एमचे अवशेष काढून टाकायला विसरू नका.

निवांत_नेरूळ · रविवार, रात्री १०:४४

खाडीबाईंना सलाम, पण माझा मुद्दा तसाच आहे. १०६० च्या पास्कल पिढीसाठीही नवीन गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ ला थांबले. ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा. आता फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या, त्याही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. म्हणजे हा पोरगा एका पेन्शनरला काढून दुसऱ्या पेन्शनरला नोकरीवर ठेवतोय. (मी स्वतः पेन्शनर आहे, त्यामुळे बोलायचा हक्क आहे.)

कळवा_खाडी · रविवार, रात्री १०:५२

काका, ड्रायव्हर थांबले म्हणजे कार्ड थांबलं असं नाही. केप्लरची अडचण फीचर लेव्हलची होती, ती ड्रायव्हरने सुटण्यासारखी नव्हतीच. पास्कल १२_१ पर्यंत जातं. २०२४ पर्यंतचे बहुतेक गेम मध्यम सेटिंगला चालतील. रे ट्रेसिंग सक्तीचं असलेले गेम मात्र विसरा.

पिक्सेलपाव · रविवार, रात्री ११:०१

काका नेरूळला बसून ठाण्याच्या पोराचे साडेनऊ हजार वाचवतायत. वाखूसा (वाचनखूण साठवली).

मानपाडा_मेल · सोमवार, रात्री ११:५५

ड्रायव्हर बसला! जीटीएक्स १०६० असं नाव दिसलं तेव्हा आईला उठवून दाखवलं. तिने ‘झोप आता’ म्हटलं.

एक शूटिंग गेम लावला, फुल एचडी, मध्यम सेटिंग, साठ फ्रेम. दहाएक मिनिटं स्वर्ग. मग एकदम पंचवीस. जरा वेळाने परत साठ, परत पंचवीस. गेम बंद केला की ठीक.

चार्जर मूळचा नाही. तो हरवला, हा ऑफिसच्या जुन्या डेल वर्कस्टेशनचा २४० वॅटचा आहे.

ऐरोली_अँपिअर · मंगळवार, सकाळी ८:२०

चार्जर. डोळे झाकून सांगतो, चार्जर.

डेलच्या पिनेच्या मधोमध जी बारीक सुई असते ती वीज नेत नाही, चार्जर किती वॅटचा आहे ते लॅपटॉपला सांगते. सुई वाकली किंवा चार्जर नकली असला की लॅपटॉप त्याला ओळखत नाही आणि भीतीने प्रोसेसर खाली आणतो. आमच्या ऑफिसात अशा केसेसचा खच पडलाय.

चिमटा · मंगळवार, सकाळी ८:५१

अँपिअरराव, सुईचं बरोबर आहे, पण तसं असतं तर बॅटरी चार्ज झाली नसती, चालू करताना ‘अडॉप्टर ओळखता आला नाही’ असा इशारा आला असता, आणि प्रोसेसर पहिल्या मिनिटापासून रांगला असता. इथे दहा मिनिटं सगळं सुखरूप आहे. हिशोबही बघा: प्रोसेसर ४५ वॅट, १०६० ८० वॅट, बाकी पडदा-पंखे-डिस्क मिळून तीस धरा. दीडशेच्या आसपास. २४० च्या चार्जरला घामही फुटणार नाही.

दहा मिनिटांनी पडतं ते उष्णतेने. मेल, जीपीयू-झी (कार्डाची माहिती दाखवणारं साधन) लाव, सेन्सरच्या पानावर ‘परफकॅप रीझन’, म्हणजे वेग कशामुळे अडतोय ते, बघ. ‘पीडब्ल्यूआर’ (वीज) आलं तर अँपिअररावांना मी वडापाव देईन. ‘थर्म’ (उष्णता) आलं तर ते मला.

मानपाडा_मेल · मंगळवार, रात्री ९:३०

थर्म. गेम लावल्यावर पाच मिनिटांत ९१ अंश आणि तिथेच अडकून. नुसत्या डेस्कटॉपवरही ५८. खोलीत एसी नाही, मे महिना आहे, मान्य. पण ६८०एम याच खोलीत ८० च्या वर जात नव्हतं. चिपवरची थर्मल पेस्ट नवीन लावलीय, मेमरीवरचे थर्मल पॅडही नवीन, विक्रेत्याने कार्डाबरोबरच पाठवले होते. पंखे साफ आहेत, घोडबंदर रोडची सगळी धूळ गेल्याच महिन्यात ब्लोअरने काढली.

ऐरोली_अँपिअर · मंगळवार, रात्री ९:४१

वडापाव मान्य. मग पंखा बदला किंवा कूलिंग पॅड घ्या.

चिमटा · मंगळवार, रात्री १०:१०

काही विकत घेऊ नका. नीट बघा, उत्तर त्याच्याच पोस्टमध्ये आहे. ६८०एम १०० वॅटचं कार्ड होतं आणि ते त्याच हीटसिंकवर (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागावर), त्याच पंख्यावर, त्याच खोलीत ८० ला राहत होतं. १०६० आहे ८० वॅटचं. कमी उष्णता ओतून तापमान जास्त येतंय, म्हणजे उष्णता तांब्यापर्यंत पोचतच नाही. हीटसिंक टेकलेलं नाही.

मेल, मशीन बंद कर, चार्जर काढ, बॅटरी काढ, बटण थोडं दाबून धर. हीटसिंकचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे सैल कर आणि हीटसिंक सरळ वर उचल, सरकवू नकोस. पेस्ट पुसायच्या आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढ आणि इथे टाक. पेस्टचा ठसा सगळं सांगतो.

मानपाडा_मेल · बुधवार, रात्री १०:२६

फोटो टाकलेत. जे दिसतंय ते लिहितो.

चिपच्या खालच्या कडेला पेस्ट जवळजवळ नाहीच, आरसा चमकतोय. वरच्या अर्ध्या भागात मी लावली होती तशीच जाड, वर ट्यूबच्या रेघा पण दिसतायत. तांब्यावरही तसंच, खाली पातळ पट्टा आणि वर कोरं. मेमरीवरचे निळे पॅड फुगलेले आहेत, एकावरही दाबल्याची खूण नाही म्हटलं तरी चालेल. पॅकेटवर १.५ मिमी लिहिलंय. आणि कार्डाच्या एका कोपऱ्यात जे चौकोनी काळे ठोकळे आहेत, त्यातल्या एकाच्या डोक्यावर पांढुरका ओरखडा आहे. बरोबर त्याच्या समोर हीटसिंकच्या अ‍ॅल्युमिनियमवरही ओरखडा.

चिमटा · बुधवार, रात्री १०:५९

झकास फोटो. दोन आजार आहेत.

एक, पॅड जाड आहेत. कुकरचं झाकण एका बाजूने उचललेलं असेल तर आच कितीही वाढवा, शिट्टी होत नाही. दीड मिमीचे पॅड हीटसिंकला वर तोलून धरतायत. चिपला तांबं थेट टेकायला हवं, पॅडने उरलेली फट भरायची, एवढंच त्याचं काम.

दोन, ते काळे ठोकळे म्हणजे कॉइल. १०६० वरच्या कॉइल ६८०एमपेक्षा उंच आहेत आणि एक कॉइल हीटसिंकच्या कडेला धडकतेय. म्हणूनच वरची बाजू उचललेली राहिली.

आधी कॉइल. हीटसिंकची ती अ‍ॅल्युमिनियमची कड बारीक कानशीने घासावी लागेल, एखाद मिमी. हीटसिंक मशीनपासून लांब नेऊन घास. अ‍ॅल्युमिनियमचा चुरा बोर्डावर पडला तर शॉर्ट होऊन दुसरा धागा काढावा लागेल. हीट पाइपच्या जवळ जाऊ नकोस, पाइपला भोक पडलं की हीटसिंक मेलं. घासून झाल्यावर धू, वाळव, आणि त्या जागी कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी) लाव.

मग पॅड न लावता हीटसिंक नुसतं बसवून बघ, चिपवर पेस्टचा बारीक ठिपका देऊन. उचल. ठिपका सगळीकडे सारखा पसरला असेल तर चिप टेकतेय. आता फट मोज: मेमरीच्या चिपांवर मऊ मातीचे, पोरांच्या खेळण्यातल्या क्लेचे, छोटे गोळे ठेव, हीटसिंक दाबून बसव, उचल, आणि चपटे झालेले गोळे व्हर्नियरने मोज. तेवढ्या जाडीचे, किंवा जरासे जास्त, पॅड घे. बहुधा अर्धा ते एक मिमी येईल. थर्मल पुटी (पॅडऐवजी लावायची मऊ लांबी) मिळाली तर सगळा प्रश्नच संपला, ती हवी तेवढी दबते.

शेवटी पॅड लावून परत एकदा ठसा बघ. कंटाळा करू नकोस.

पिक्सेलपाव · बुधवार, रात्री ११:०८

खेळण्यातली माती! चिमटादादा, तुमचा वर्कशॉप कुठे आहे ते सांगा, मी शिकायला येतो.

चिमटा · बुधवार, रात्री ११:१५

कोपरखैरणे. येताना वडापाव आण, एक अँपिअररावांच्या खात्यावर आहेच.

ऐरोली_अँपिअर · बुधवार, रात्री ११:१९

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

मानपाडा_मेल · रविवार, सायंकाळी ६:४७

पॅडसाठी लॅमिंग्टन रोडला गेलो होतो. शनिवारी दुपारी ठाणे स्टेशनवरून दादर आणि मग ग्रँट रोड, घामाने भिजून. पहिल्या दोन दुकानांत ‘पॅड’ म्हटल्यावर माऊस पॅड दाखवले. तिसऱ्यात ०.५ आणि १ मिमीचे मिळाले, पुटी नाही मिळाली. (ठाण्यात कुठे मिळत असेल तर कृपया कुणीतरी लिहा. गोखले रोडवर विचारलं, त्यांनी मला फेव्हिक्विकची ट्यूब दाखवली.)

मातीचे गोळे ०.६ ते ०.८ मध्ये आले. मेमरीवर १ मिमीचे मऊ पॅड लावले, ते चांगले दबले. कॉइलजवळची कड गॅलरीत बसून घासली. ठसा आता कडेपासून कडेपर्यंत पातळ, राखाडी, सारखा.

डेस्कटॉपवर ४४. त्याच गेममध्ये तासभर खेळून ७५-७६, फ्रेम साठच्या खाली नाही. जीपीयू-झीमध्ये आता परफकॅप ‘व्हीरेल’ दाखवतंय, म्हणजे तापमान अडवत नाही, असंच ना?

एक गोष्ट राहिली. पंखे स्वतःहून उशिरा जोर धरतात, कार्ड ७० च्या पुढे गेल्यावरच.

चिमटा · रविवार, सायंकाळी ७:२०

हो, व्हीरेल म्हणजे व्होल्टेजची मर्यादा. ती आलीच पाहिजे, त्यात काही गैर नाही. काम झालं.

पंख्यांचा तक्ता मशीनमधल्या छोट्या कंट्रोलरमध्ये असतो आणि तो जुन्या कार्डांसाठी लिहिलाय. एचडब्ल्यूइन्फोमध्ये डेल-एलियनवेअरचे पंखे हाताने चालवायची सोय आहे. ६० अंशांपासून पायऱ्या लाव. ७५ ला हवं तर तसंच ठेव, काही बिघडत नाही.

कळवा_खाडी · रविवार, सायंकाळी ७:३४

अभिनंदन! आणि आत्ताच एक करून ठेवा: ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’मध्ये विंडोजने ड्रायव्हर आपोआप टाकायचं बंद करा. नाहीतर एखाद्या सकाळी विंडोज अपडेट तुमच्या हाताने बनवलेल्या ड्रायव्हरवर स्वतःचा आणून बसवेल. बदललेली आयएनएफ आणि तो ड्रायव्हर पेनड्राइव्हवर जपून ठेवा, सुरक्षेची नवी आवृत्ती आली की तीच ओळ तिच्यात घालायची.

निवांत_नेरूळ · रविवार, रात्री ८:०२

साडेनऊ हजार, अधिक पॅड, अधिक लोकल, अधिक सगळ्यांच्या रात्री. तरी मान्य करतो, एवढ्यात नवीन मशीन आलं नसतं. जुन्या ६८०एमचं काय करणार?

मानपाडा_मेल · रविवार, रात्री ८:१५

ते ठेवणार काका. कधी बायोस बिघडलं तर आत जायला तेच कामाला येईल.

दिवा_जंक्शन · सोमवार, सकाळी ७:५०

सगळा धागा रात्री बसून वाचला, भारी. माझ्याकडे २०२१ चा गेमिंग लॅपटॉप आहे, ३०५० वाला, ४ जीबी. मला पण ३०६० टाकायचंय. कुठलं एमएक्सएम घेऊ? बजेट पंधरा हजार.

चिमटा · सोमवार, सकाळी ८:३३

कुठलंच नाही. तुझ्यात चिप बोर्डावर सोल्डर केलेली आहे, सुटं कार्डच नाही. कुणी ‘चिप बदलून देतो’ म्हणालं तर पैसे देऊ नकोस. बायोस, व्होल्टेजचे भाग, मेमरी सगळं त्या चिपला बांधलेलं असतं. कार्ड बदलता येणारा नवीन लॅपटॉप हवा असेल तर फ्रेमवर्क १६ सारखा अपवाद आहे, त्याचं ग्राफिक्स मॉड्यूल मागून निघतं. ते पंधरा हजारांत बसत नाही.

थंडरबोल्टचं पोर्ट असेल तर बाहेरून डेस्कटॉपचं कार्ड जोडता येतं. तो खोका, पॉवर सप्लाय आणि कार्ड धरलं की तेही बजेटबाहेर जातं. मॉडेल नंबर टाक, रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे का बघून सांगतो. एकाच काडीवर चालत असेल तर आधी दुसरी काडी टाक, फ्रेममध्ये फरक लगेच दिसेल.